सुट्टीनंतर कूलंटला घाण वास येतो? टाकी ओतून देण्याआधी हे तपासा

"अहो, परवाच तर नवीन कूलंट भरलं, आणि आज परत तोच वास!" ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळे-महापेपर्यंत, मशीनिंग करणाऱ्या कुठल्याही गाळ्यातून हा फोन येतो. कूलंट म्हणजे धातू कापताना टूल आणि जॉब (कापायचा तुकडा) थंड ठेवायला सोडतात ते तेल-पाणी. कूलंट बदललेलं असतं, नव्याचे नऊ दिवस बरे जातात आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग शेठ कूलंटची कंपनी बदलतात. ती बदलूनही वास आला की मला फोन.

आधीच सांगतो, अशा बहुतेक टाक्यांमध्ये कूलंट वाईट नसतं. वरून कुठलं तरी तेल त्यात येत असतं, खाली चुरा साठलेला असतो आणि रोज त्यावर साधं पाणी ओतलं जात असतं. हे तसंच ठेवून नवीन बॅरल फोडणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

लक्षणं

टर्निंग सेंटर असो, व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) असो, बँडसॉ असो की सरफेस ग्राइंडर, पाण्यात मिसळायचं कूलंट वापरता आणि खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसतात, तर पुढे वाचा.

- साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी दार उघडताच सडक्या अंड्यासारखा वास. पंप तासभर चालला की तो कमी होतो, म्हणून सगळे विसरतात.
- मूळचा दुधी किंवा हिरवट रंग जाऊन राखाडी किंवा तपकिरी झालेला.
- पृष्ठभागावर तेलाचा तवंग. काडीने बाजूला सारला तरी पुन्हा येऊन मिटतो.
- जॉबवर, व्हाइसवर, टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये गंजाचे ठिपके, जे पूर्वी येत नव्हते.
- नोझल सारखं चोंदणं, जाळीत बुळबुळीत चिंध्या अडकणं.
- दाराच्या काचेवर आणि टूलवर चिकट थर.
- ऑपरेटरच्या बोटांच्या बेचक्यात खाज, लाल चट्टे.

वास कसला आहे हेही पाहा. सडक्या अंड्याचा असेल तर हवा न मिळालेले जिवाणू. बंद खोलीतल्या ओल्या कपड्यांसारखा कुबट असेल आणि जाळीत बुळबुळीत काही सापडत असेल तर बुरशी. नुसता फेस येत असेल आणि वास नसेल, तर दुखणं वेगळं आहे. तिथे आधी टाकीची पातळी खाली जाऊन पंप हवा ओढतोय का, कूलंटचा टक्का (पाण्यात मिसळलेल्या मूळ तेलाचं प्रमाण) फार वाढलाय का आणि फरशी पुसायच्या साबणाचं पाणी टाकीत जातंय का, ते बघा.

असं होतं कशाने

कूलंट म्हणजे बहुतांश पाणी, त्यात तेलाचे बारीक थेंब आणि ते थेंब पाण्यात धरून ठेवणारी, गंज रोखणारी रसायनं. जिवाणूंना यातलं बरंच काही खायला चालतं. मशीन चालू असताना कूलंट खेळतं, त्यात हवा मिसळते. सुट्टीच्या दिवशी पंप बंद. वरचा तेलाचा थर झाकणासारखा बसतो, खालची हवा संपते आणि हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं. ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच तो वास. त्याच वेळी टाकीतल्या जिवाणूंमुळे आम्लं तयार होतात, त्याने पीएच (आम्ल-अल्कली दाखवणारा आकडा) उतरतो. पीएच उतरला की गंज धरतो आणि तेल-पाणी फुटायला लागतं. म्हणजे गंज, वास, चिकटपणा ही तीन दुखणी नाहीत, एकाच साखळीच्या कड्या आहेत. आपल्याकडची गरम, दमट हवा या जिवाणूंना मानवते. म्हणून थंड हवेच्या गावी सहा महिने टिकलेलं कूलंट तुर्भ्यात तेवढं टिकेलच असं धरू नका.

आता तपासण्या, फुकटातल्या आधी.

पहिली: काचेची बाटली

पाण्याची पारदर्शक बाटली धुऊन घ्या. मशीन पंधरा-वीस मिनिटं चालवून नोझलमधून येणारं कूलंट त्यात भरा. टाकीच्या वरून भांडं बुडवून घेतलेला नमुना कामाचा नाही, त्यात नुसता तवंग येतो. बाटलीवर तारीख आणि मशीनचा नंबर लिहा आणि रात्रभर हलवू नका.

सकाळी बाटली उजेडासमोर धरा. सगळ्यात वर पिवळसर-तपकिरी, आरपार दिसणारा थर असेल तर ते बाहेरून आलेलं तेल, म्हणजे स्लाइडचं (मशीनच्या सरकत्या भागांचं) किंवा हायड्रॉलिकचं. हे ट्रॅम्प ऑइल. त्याखाली साईसारखा जाड पांढरा थर असेल तर कूलंट स्वतःच फुटायला लागलंय. तळाला काळी गाळवट रेघ म्हणजे बारीक चुरा, तुमची गाळणी त्याला अडवत नाही. मधलं पाणी दुधी आणि एकसारखं असेल तर कूलंट वाचवता येईल. मधलं पाणी जवळजवळ नितळ झालं असेल तर ते गेलं. त्याच्यावर पैसे घालू नका, थेट शेवटच्या, नवव्या पायरीकडे (टाकी धुणं) जा.

एका पैशाचा खर्च नाही आणि पुढचं सगळं या बाटलीवर ठरतं. तरी ती भरायला सांगितली की लोक हसतात आणि कूलंटवाल्याच्या माणसाला मात्र तीन-तीनदा बोलावतात.

दुसरी: टाकीत काय काय जातं

उभं राहून एक शिफ्ट बघा. उरलेला चहा, तंबाखू-गुटख्याची पिंक, बिडी-सिगारेटची थोटकं, फरशी पुसलेल्या बादलीचं पाणी, हात धुतलेलं पाणी, डब्यातलं खरकटं. जिवाणूंना आणखी काय हवं? यावर ओरडून उपयोग होत नाही. मशीनजवळ कचऱ्याचा डबा नसेल तर माणूस चिप ट्रेमध्येच टाकणार. डबा ठेवा, हात धुवायची जागा दाखवा, टाकीच्या उघड्या भागावर पत्र्याचं झाकण बसवा. झाकण मात्र हवाबंद नको, फटी राहू द्या.

याच वेळी एक लांब पट्टी टाकीत तळापर्यंत सोडून गाळ किती आहे ते मोजा. २०० लिटरच्या टाकीचा तिसरा हिस्सा गाळाने भरला असेल तर तुमच्याकडे कूलंट १३० लिटरच आहे. तेच तेच कूलंट जास्त फेरे मारतं, तापतं, लवकर संपतं. शिवाय गाळाच्या आत हवा पोचत नाही, त्यामुळे वरून कितीही चांगलं दिसलं तरी वासाचं घर तिथे असतं. बिडाचा चुरा आणि ग्राइंडिंगची पूड यात सगळ्यात वाईट.

तिसरी: टक्का

रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर कूलंटवरून टक्का दाखवणारं हातातलं यंत्र) नसेल तर घ्या. रिफ्रॅक्टोमीटर, पीएच पट्ट्यांचं पाकीट आणि पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएस मीटर, तिन्ही मिळून एका कूलंट बॅरलच्या किमतीच्या आसपासही जात नाहीत.

वापरायची पद्धत सोपी आहे, पण दोन चुका सर्रास होतात. पहिली, शून्य लावत नाहीत. ज्या पाण्यात कूलंट मिसळता तेच पाणी काचेवर टाकून रेघ शून्यावर आणा, मग नमुना टाका. दुसरी, दिसलेला आकडा हाच टक्का समजतात. दिसतो तो ब्रिक्सचा, म्हणजे यंत्राच्या मोजपट्टीचा आकडा, त्याला तुमच्या कूलंटच्या गुणकाने गुणायचं. गुणक डब्यावर किंवा माहितीपत्रकात असतो. साध्या सोल्युबल तेलाला तो १ च्या आसपास असतो, सेमी-सिंथेटिक आणि सिंथेटिकला त्याहून जास्त. रेघ अंधूक, पसरट दिसली तर कूलंटमध्ये ट्रॅम्प ऑइल मिसळलंय आणि आकडा खोटा, खऱ्यापेक्षा जास्त येतोय.

साधारण मशीनिंगला ५ ते ८ टक्के चालतं, ग्राइंडिंगला थोडं कमी. नेमका आकडा तुमच्या कूलंटच्या पत्रकातून घ्या. कमी टक्का हा बचतीचा मार्ग वाटतो, पण पातळ कूलंटमध्ये जिवाणूंना रोखणारा आणि गंज रोखणारा मालही पातळच असतो. वासाच्या तक्रारी मी ३-४ टक्क्यांच्या टाक्यांमध्ये जास्त बघतो. दुसऱ्या टोकाला, १०-१२ टक्क्यांवर फेस येतो, हात जळजळतात आणि तेल फुकट जातं.

टक्का वाढवायचा हिशेब एकदा मांडून दाखवतो. टाकी २०० लिटरची, सध्या १५० लिटर कूलंट उरलंय. वाचन ३, गुणक १.५, म्हणजे टक्का ४.५. त्यात मूळ तेल (बॅरलमधलं, पाणी न मिसळलेलं कूलंट) झालं ६.७५ लिटर. पूर्ण टाकी ७ टक्क्यांवर आणायची तर तेल हवं १४ लिटर. म्हणजे ७.२५ लिटर तेल आणि ४२.७५ लिटर पाणी वेगळ्या पिंपात मिसळून टाकीत सोडायचं. बॅरलमधलं तेल तसंच टाकीत ओतू नका, नीट मिसळत नाही. मिसळताना आधी पाणी, मग ढवळत ढवळत तेलाची बारीक धार. उलट केलं, तेलावर पाणी ओतलं, तर घट्ट दह्याळ गोळा होतो आणि तो पुन्हा मोडत नाही.

रोजच्या टॉपअपचं गणित वेगळं. उडून जातं ते पाणी, तेल बरंचसं मागे राहतं. म्हणून टॉपअप २-३ टक्क्यांच्या पातळ मिश्रणाने करा आणि आठवड्यातून एकदा टक्का मोजून ते कमी-जास्त करा. चिप्सबरोबर बरंच कूलंट बाहेर जात असेल तर टॉपअप थोडा कडक लागेल. पाईप लावून नुसतं पाणी सोडणं मात्र बंद.

चौथी: पीएच

पट्टी बुडवा, रंग जुळवा, लिहून ठेवा. बऱ्याच कूलंटना ८.५ ते ९.५ हा पट्टा योग्य. ८.५ च्या खाली गेलं की लक्ष द्यायचं, ८ च्या खाली गंज आणि वास दोन्ही पाठोपाठ येतात. ९.५ च्या वर कातडी कोरडी पडते, ॲल्युमिनियमवर डाग येऊ शकतात.

एकट्या आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. दोन आठवडे ९.१ होतं आणि या आठवड्यात ८.६ आलं, तर वास यायच्या आधीच टाकीने सांगितलंय. टक्का बरोबर असूनही पीएच उतरत असेल तर ते जिवाणूंचं काम. टक्काच कमी असेल तर आधी टक्का सुधारा, पीएच बहुतेक वेळा मागोमाग वर येतो. पीएच वाढवायला खाण्याचा सोडा, कॉस्टिक असलं काही आपल्या मनाने घालू नका.

पाचवी: पाणी

टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीचं पाणी बारवी धरणाचं. ते बोअरच्या मानाने मऊ. अडचण होते ती नळाला पाणी नसताना टँकर मागवला किंवा गाळ्याच्या मागची बोअर चालू केली की. खाडीच्या बाजूच्या बोअरचं पाणी चाखूनसुद्धा खारं कळतं. क्षारांमधलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कूलंटमधल्या साबणाशी जुळून चिकट साय करतं, आणि मीठ गंज धरवतं.

पहिल्या दिवशी फरक दिसत नाही. समजा, २०० लिटरच्या टाकीतून रोज १० लिटर पाणी उडतं आणि तुम्ही तेवढंच भरता. वीस दिवसांत आणखी २०० लिटर पाण्याचे क्षार त्याच टाकीत जमले, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. चिप्सबरोबर थोडे क्षार बाहेर जातात, पण दिशा हीच. म्हणून पहिला महिना छान आणि दुसऱ्या महिन्यात गंज, असं होतं तिथे मी आधी पाण्यावर संशय घेतो.

तपासणी अशी: टीडीएस मीटरने नळ, टँकर, बोअर असे तिन्ही आकडे घ्या. मीटर एकूण क्षार दाखवतं, कडकपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियम) वेगळा काढत नाही, पण तुलनेला पुरतं. मग दोन बाटल्यांत नळाच्या आणि बोअरच्या पाण्यात ताजं ५ टक्के मिश्रण करून एक दिवस ठेवा. बोअरच्या बाटलीत वर साय किंवा चिकट कण दिसले तर उत्तर मिळालं. पाणी वाईटच असेल तर टॉपअपपुरतं आरओचं पाणी वापरा. आरओचं बाहेर टाकलेलं पाणी नव्हे, त्यात क्षार आणखी जास्त. पूर्ण टाकी आरओच्या पाण्यावर भरली तर सुरुवातीला फेस येऊ शकतो, म्हणून पहिली भरणी नळाच्या पाण्याने आणि टॉपअप आरओने, ही जोडी मला बरी वाटते.

सहावी: वरचं तेल येतं कुठून

इथे थांबून नीट बघा. बाकीचं सगळं करून लोक ही पायरी सोडतात आणि म्हणूनच वास परत येतो.

आधी आहे ते तेल काढा. पंप बंद असताना, रात्रभर स्थिर राहिल्यावर, सकाळी मशीन चालू करायच्या आधी. तेल तेव्हाच वर जमलेलं असतं. पंप चालू असताना बेल्ट स्किमर (तेल चिकटवून वर काढणारा फिरता पट्टा) लावला तर तेल घुसळून खाली गेलेलं असतं आणि पट्ट्याला कूलंटच लागतं. स्किमर टाकीच्या शांत कोपऱ्यात लावा, जिथे परतीची धार पडत नाही. त्याला टायमर लावून पहाटे दोन-तीन तास चालवला तर उत्तम. पट्टा दुधी पाणी आणायला लागला की बंद करा, नाहीतर चांगलं कूलंट उपसत राहतो. स्किमर नसेल तर तेलच शोषणारे पांढरे पॅड मिळतात, तेही लहान टाकीला चालतात.

आता उगम. तीन जागा.

स्लाइडचं ल्युब्रिकेशन. ऑटोल्युबची (स्लाइडला आपोआप तेल देणाऱ्या पंपाची) टाकी किती दिवसांनी भरता ते ऑपरेटरला विचारा. आठवड्याला दोन लिटर लागत असतील तर वर्षाला शंभर लिटर झाले. ते तेल स्लाइडवरून निथळून जातं कुठे? बहुतेक मशीनवर थेट कूलंटमध्ये. कुणीतरी कधीतरी "स्लाइड कोरडी नको" म्हणून ल्युब पंपाच्या दोन पाळ्यांमधला वेळ कमी करून ठेवलेला असतो आणि नंतर कुणी पाहत नाही. मशीनच्या पुस्तकातली वेळ आणि मात्रा काढा, त्याप्रमाणे लावा. पुस्तकाच्या खाली मात्र जाऊ नका, बॉलस्क्रू आणि गाइडवे कूलंटपेक्षा फार महाग आहेत. रबाळ्यातल्या एका गाळ्यात व्हीएमसीच्या टेलिस्कोपिक कव्हरखाली ल्युबची नळी डिस्ट्रिब्युटरपाशीच निसटलेली होती. एका बाजूची स्लाइड कोरडी आणि तेल सरळ चिप ट्रेमध्ये. कव्हर उघडल्याशिवाय ते दिसलंच नसतं. वासाच्या निमित्ताने स्लाइड वाचली.

हायड्रॉलिक. टर्निंग सेंटरवर चक सिलिंडरची परतीची नळी चोंदली किंवा सील गेलं की तेल कूलंटमध्ये उतरतं. ओळखायचं कसं? पॉवरपॅकच्या (हायड्रॉलिक तेलाची टाकी आणि पंप) काचेवर मार्करने पातळीची रेघ मारा, तारीख लिहा. आठवड्याने पातळी उतरली आणि जमिनीवर तेल कुठेच नाही, तर ते कूलंटमध्ये गेलं. टेलस्टॉक, टरेट, हायड्रॉलिक फिक्श्चर यांनाही हाच न्याय.

कच्चा माल. गंज लागू नये म्हणून तेल फासून आलेले बार, फोर्जिंग. तेलात थबथबलेला माल सरळ चकमध्ये लावू नका, जाळीवर निथळू द्या, पुसून घ्या.

तेल विकत घेतानाही एक गोष्ट विचारा: हे स्लाइड ऑइल कूलंटमधून सुटं होतं का? जे सुटं होतं ते स्किमरने निघतं. जे कूलंटमध्ये विरघळल्यासारखं मिसळून बसतं ते स्किमरने निघत नाही, त्याला कोॲलेसर (तेलाचे बारीक थेंब एकत्र करून वेगळे काढणारं यंत्र) किंवा सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून वेगळं काढणारं) लागतो.

सातवी: सुट्टीत हवा

तेल काढलं, टक्का आणि पीएच जागेवर, तरी सुट्टीनंतर थोडा वास येतोय? मग सुट्टीत टाकीला हवा द्या. मत्स्यपेटीचा छोटा एअर पंप आणि तळाशी सोडलेली नळी लहान टाकीला पुरते. क्रम मात्र आधी तेल काढणं, मग हवा. वर जाड तवंग असताना बुडबुडे सोडले तर तेल आणखी घुसळलं जातं. कुणी नसताना मशीनचा मुख्य पंप टायमरवर चालवायचा विचार असेल तर गाळ्याच्या इलेक्ट्रिशियनला विचारून करा, नळी निसटली तर सकाळी शेजारच्या गाळ्यात पाणी जातं.

काय घालायचं नाही

फिनेल, ब्लीचिंग, डेटॉल, रॉकेल, भांड्याचा साबण, अत्तर. हे सगळं मी टाक्यांमध्ये पाहिलंय. क्लोरीनने कूलंट फुटतं आणि गंज धरतो. साबणाने ट्रॅम्प ऑइल कूलंटमध्येच मिसळून जातं आणि फेस वेगळा. फिनेलने वासावर वास चढतो. गंजासाठी सोडियम नायट्राइट घालायची जुनी सवय काही ठिकाणी आहे. ती सोडा. काही कूलंटमधल्या अमाइनशी त्याचा संयोग होऊन नायट्रोसामाइन तयार होतात आणि ती कर्करोगाशी जोडलेली आहेत. जिवाणूनाशकसुद्धा कूलंट देणाऱ्याने सांगितलेलंच, सांगितलेल्या मात्रेत, हातमोजे आणि चष्मा लावून. त्यातल्या काही रसायनांची ॲलर्जी आयुष्यभर राहते. आणि गाळ, तेल, टक्का तसाच ठेवून घातलं तर ते चार दिवसांचं काम.

आठवी: गाळून परत वापरणं

मधलं पाणी दुधी, पीएच ८ च्या वर, वास सौम्य आणि फक्त सुट्टीनंतर, तर कूलंट परत वापरता येतं. मोठी यंत्रणा लागत नाही. दोन पिंपं, तळाच्या जरा वर नळ बसवलेली. मशीनमधलं कूलंट पहिल्या पिंपात सोडा, रात्रभर बसू द्या. सकाळी वरचं तेल काढा. मग मधल्या नळाने कूलंट बॅग फिल्टरमधून, आधी ५० मायक्रॉन, मग २५, दुसऱ्या पिंपात घ्या. लोखंडी चुरा असेल तर वाटेत चुंबक ठेवा, फिल्टरची पिशवी जास्त टिकते. तळाचा गाळ तळाशीच राहू द्या. टक्का आणि पीएच मोजून दुरुस्त करा आणि टाकीत परत टाकताना ताज्या मिश्रणाची जोड द्या.

दोन बंधनं पाळा. वेगवेगळ्या कंपन्यांची कूलंट एका पिंपात एकत्र करू नका. आणि बिडाच्या मशीनचं कूलंट ॲल्युमिनियमच्या मशीनला देऊ नका, बारीक लोखंडी पूड जॉबवर डाग पाडते. दहा-पंधरा मशीन असतील तर कोॲलेसर किंवा सेंट्रिफ्यूजची ट्रॉली विचारात घ्या, काही जण भाड्यानेही देतात. दोन मशीनच्या गाळ्याला मी ती घ्यायला सांगत नाही.

फुटलेलं, नितळ पडलेलं किंवा आठवडाभर सतत घाण मारणारं कूलंट गाळून सुधारत नाही. गाळल्याने चुरा जातो, मेलेली रसायनं परत येत नाहीत.

नववी, सगळ्यात कष्टाची: टाकी धुणं

जुनं उपसून त्यावर नवीन ओतणं म्हणजे धुणं नव्हे. कोपऱ्यात राहिलेलं दहा-पंधरा लिटर जुनं कूलंट आणि पाइपातला बुळबुळीत थर नव्या कूलंटला विरजण लावतो.

जुन्या कूलंटमध्येच सिस्टीम क्लीनर घाला, बहुतेकांची मात्रा १ ते २ टक्के, आणि ८ ते २४ तास फिरवा. तेवढा वेळ मशीनिंग चालतं की नाही ते डब्यावर वाचा. मग मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली खिशात. कूलंट पिंपात काढा. चिप कन्व्हेयर बाहेर ओढा. हे टाळलं तर बाकीचं केलेलं वाया, कारण कन्व्हेयरखालीच सर्वांत जास्त गाळ असतो. टेलिस्कोपिक कव्हरची मागची बाजू, परतीची पन्हळ, पंपाची जाळी, पाइपांचे कोपरे हाताने खरवडा. नंतर साध्या पाण्याने नव्हे, १-२ टक्के ताज्या कूलंटने धुऊन काढा, म्हणजे टाकी गंजत नाही. धुतलेलं पाणी त्याच कचऱ्याच्या पिंपात. आणि त्याच दिवशी नवीन भरा.

पिंपातलं गटारात सोडू नका. सार्वजनिक गटारात जाणाऱ्या सांडपाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम आहे. ५ टक्के कूलंटमध्ये लिटरमागे पन्नास मिलिलिटर तेलकट माल असतो, मग किती पटीने ओलांडली ते बघा. २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली असा तेलकट कचरा ९० दिवसांच्या आत परवानाधारकाकडे पाठवायचा असतो, सोबत फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद). आपल्या भागासाठी तळोज्यात सामायिक सुविधा आहे. स्किमरचं तेल भंगारवाल्याला नाही, वापरलेल्या तेलाचा परवाना असलेल्याला.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मोठा खड्डा किंवा अनेक मशीनची मध्यवर्ती टाकी असेल तर आत उतरू नका, कुणाला उतरवूही नका. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला तो वास कळेनासा होतो. म्हणजे वास गेला असं वाटतं तेव्हाच माणूस कोसळतो. गॅस मोजणारं यंत्र, हवा खेळती करायची सोय आणि वर दोरीसह उभा माणूस असलेल्या टोळीचंच हे काम.

स्पिंडलमधून कूलंट जाणाऱ्या मशीनवर रोटरी युनियन (फिरत्या स्पिंडलला कूलंट पोचवणारा जोड) गळत असेल, स्पिंडलच्या तेलात दुधी रंग दिसत असेल, तर मशीन बंद करून सर्व्हिस इंजिनिअर. चक सिलिंडरचं सीलही घरच्या घरी उघडू नका, त्यात दाब साठलेला असतो.

टक्का, पीएच, पाणी, तेल सगळं जागेवर आहे आणि टाकी धुऊनही महिन्याभरात वास परत आला, तर कूलंट देणाऱ्याकडून डिपस्लाइड (कूलंटमध्ये बुडवून जंतू वाढतात का बघायची पट्टी) चाचणी आणि लॅबचा रिपोर्ट मागा. डिपस्लाइडवर एक-दोन दिवसांत जिवाणू कळतात, बुरशी कळायला आणखी काही दिवस लागतात.

ऑपरेटरची खाज हातमोजे आणि क्रीमने आठवड्यात गेली नाही तर त्वचेचा डॉक्टर. कामावर असताना खोकला, धाप, संध्याकाळी कणकण, आणि सुट्टीत बरं वाटतं, असं कुणी सांगितलं तर ते अंगावर काढू नका. ईएसआयच्या दवाखान्यात जाताना कूलंटचं सुरक्षा पत्रक बरोबर द्या, आणि तोवर एअर गनने जॉब साफ करणं थांबवा. त्याने तेच कूलंट धुक्यासारखं छातीत जातं.

कुणालाही बोलावलंत तर हे तयार ठेवा: रात्रभर ठेवलेली बाटली, गेल्या चार आठवड्यांचे टक्का-पीएचचे आकडे, टॉपअपचं पाणी कुठलं, ल्युब आणि हायड्रॉलिक तेल किती लागतं. आणि तो यायच्या आदल्या दिवशी टाकी धुऊन चकचकीत करून ठेवू नका. आहे तशी दाखवा.